रडायची खोली

चहा घ्या आधी. हातात गरम कप असला म्हणजे माणूस जरा दमानं हसतो. कारण मी जे सांगणार आहे, त्यावर अर्धापूरपासून लातूरपर्यंत माणसं हसून बसलेली आहेत. तुम्हीही हसा, मी आडवा येणार नाही. पण एक आधीच सांगून ठेवतो. मी माफी मागणार नाही. तेव्हाही मागितली नव्हती, आताही मागत नाही!

तर आम्ही तीन भावंडं. थोरला दादा, मधली वंदनाताई आणि शेंडेफळ मी, ज्ञानेश्वर. नाव ज्ञानेश्वर आणि आठवीत शाळेनं हात जोडले! घरचे ज्ञान्या म्हणतात ते बरं, नावाची तेवढीच लाज राहते.

गाव आमचं अर्धापूरच्या अंगाला. केळीचा मुलूख. घरची थोडी केळी आहे, बाकी मी केळी पिकवायच्या खोल्यांवर कामाला. दादा नांदेडला मोबाईलच्या दुकानात होता. तिथून एकदा तो कुणाची तरी जुनी गिटार घेऊन आला.

माय म्हणाली, "हे काय आणलंस रे? याच्यावर भाकर भाजती का?"

"भाकर न्हाई भाजत माय, पण भूक विसरती," दादा म्हणाला.

असं बोलायचा तो. आता अशा माणसापुढं कोण काय बोलणार?

मोबाईलवर बघून बघून दादा गिटार शिकला आणि त्यानं ताईला शिकवली. महिन्याभरात ताई त्याच्यापेक्षा भारी वाजवायला लागली, म्हणून दादानं गिटार तिच्या गळ्यात घातली आणि स्वतः गायला लागला. राहिलो मी. मला एक वाद्य येईल तर शपथ! तार धरली की तार तुटायची. शेवटी दादानं केळीचे रिकामे क्रेट उलटे मांडले, बाजूला खताचा निळा ड्रम ठेवला, मायची पितळी परात दोरीला टांगली आणि माझ्या हातात दोन काठ्या दिल्या.

"बडव," म्हणाला. "शाळेत मास्तरनं तुला जेवढं बडवलं, तेवढं सगळं बाहेर काढ."

मी काढलं. बरंच निघालं! झाला आमचा रॉक बँड तयार. नाव 'घड'. एका घडाची फळं आपण, असं दादाचं म्हणणं. त्यानं गाणंही स्वतःच रचलं. "पान फाटलं तर फाटू दे, वाऱ्याला म्हण, अजून ये!" ही ओळ आली की मी परातीवर असा दणका द्यायचो की शेजारची म्हैस दावं तोडायची. खोटं वाटतं? म्हशीला विचारा.

लातूरला पोरांच्या बँडची मोठी स्पर्धा होणार होती. दादानं तिघांची नावं देऊन टाकली.

आणि मागच्या पावसाळ्यात दादा गेला. नांदेडहून येताना रस्त्यात बिनलाईटची ट्रॉली उभी होती. एवढंच सांगतो. याच्या पुढचं विचारू नका, चहा कडू होतो.

मी रडलो नाही. माती झाली, दहावा झाला, तेरावा झाला, माझ्या डोळ्यातून पाणी नाही! मला रडू येतच नव्हतं, राग येत होता. ट्रॉलीवर, रस्त्यावर, देवावर, खरं सांगायचं तर दादावरसुद्धा. पण आमच्याकडं मयताच्या घरी कोण किती रडलं याच्याकडं अख्ख्या भावकीचं लक्ष असतं. आमची आत्या, म्हणजे आमच्या वडलांची, आप्पांची, थोरली बहीण, गावातच दिलेली. तिनं भर अंगणात, सगळ्या बायकांसमोर म्हटलं, "दगड हाय दगड! पाठीराखा गेला अन् ह्याच्या डोळ्याला टिपूस न्हाई!"

मी काही बोललो नाही. दगड कधी बोलतो का?

पुढं आप्पांच्या भावानं, आमच्या काकानं, हुकूम काढला. वर्ष होईस्तोवर घरात गाणं न्हाई, बजावणं न्हाई. टीव्ही लागायचा तो मुका. बातम्यातली माणसं नुसती तोंडं हलवायची आणि आम्ही नुसते त्यांच्याकडं बघायचो. गिटार गोधडीत गुंडाळून माळ्यावर गेली. आणि स्पर्धा होती वर्षाच्या आत!

मी काकाला म्हणालो, "काका, दादानं नावं देऊन ठेवलीत."

"ज्यानं दिली तोच न्हाई. आता कुणाची नावं अन् कुणाचं काय?"

झालं. हे वाक्य माझ्या डोक्यात गेलं ते गेलंच. तो न्हाई म्हणून त्याचं नावही खोडायचं? तिथल्या तिथं ठरवलं. वाजवणार! पण वाजवणार कुठं? गावात शिंकलं तरी पलीकडच्या आळीतून 'देव भलं करो' येतं.

आता जरा लक्ष देऊन ऐका, कारण सगळा घोळ इथंच आहे.

केळी पिकवायची खोली म्हणजे भला मोठा फ्रीज. जाड भिंती, जाड दार. दार लावलं की आतला आवाज बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. माल भरायच्या आधी ती रिकामी खोली गार करून ठेवावी लागते. म्हणजे दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर, खोली रिकामी, गार आणि मुकी! चावी माझ्याकडं. अजून काय पाहिजे?

ताई गिटार माळ्यावरून हळूच काढून, केळीच्या पानांत गुंडाळून डोक्यावर घेऊन यायची. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, पोरगी जेवणावळीला पानं घेऊन चालली. गिटारला जोडायचा दादाचा बॅटरीवरचा छोटा स्पीकर मी डब्याच्या पिशवीत आणायचो. परात मी रोज चोरायचो आणि रोज परत ठेवायचो. मग चोरून परत ठेवायचा कंटाळा आला, तेव्हा नुसतीच चोरली.

दार लावायचं आणि सुरू! दादाच्या गाण्याच्या जागा आम्ही मोकळ्या सोडायचो. त्या जागी ताई डोळे मिटून नुसती गिटार वाजवायची आणि मी दात खाऊन बडवायचो.  

तासाभरानं त्या गारठ्यातून बाहेर अर्धापूरच्या उन्हात आलं की काय होतं माहीत आहे? नाक धो धो वाहतं. डोळे लालबुंद होतात. ताईचे तर खरंच रडून सुजलेले असायचे. असेच एक दिवस आम्ही बाहेर पडलो आणि समोर कोण? आत्या! डोक्यावर गवताचा भारा.

"काय रे ज्ञानबा? डोळे का लाल?"

आता साधं सांगता आलं असतं की, आत गारठा होता. पण माझं तोंड माझ्या डोक्याच्या आधी धावतं, हा जन्माचा रोग आहे.

मी म्हणालो, "रडत होतो आत्या."

"रडत? तिथं?"

"मग काय करणार? घरी मायपुढं कसं रडावं? म्हणून आत जातो, दार लावतो अन् मोकळं रडून घेतो. ताई पण येती."

आत्यानं डोक्यावरचा भारा खाली टाकला. मला असं छातीशी धरलं की माझ्या तोंडात गवत गेलं. "माझ्या राजा! अन् मी तुला दगड म्हणले रे! किडे पडो माझ्या जिभेला!"

ताईनं मागून माझ्या पायावर पाय दिला. आत्या गेल्यावर म्हणाली, "गाढवा! आता ही गप बसेल काय?"

"कुणाला सांगती ती? शोकाची गोष्ट हाय."

हा माझा अंदाज! दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी एक म्हातारा माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेला. पारावर माणसं माझ्यासाठी सरकून जागा द्यायला लागली. बांधावरून भांडणाऱ्या दोन भावांना त्यांची आई ओरडत होती, "त्या ज्ञान्याचे पाय धुऊन पाणी प्या! भाऊ असावा तर तसा!" दुपारी मी खोलीतून बाहेर पडलो की शेजारची काकू आल्याचा चहा घेऊन दारात उभी. "घे लेकरा, रडून घसा सुकला असंल."

आणि मी तो चहा प्यायचो! घसा खरंच सुकलेला असायचा, परात बडवून बडवून.

खोल्यांच्या मालकाच्या, शेठच्या कानावर गेलं. मला वाटलं आता काम गेलं. शेठनं बोलावलं आणि चष्मा काढून डोळे पुसले. "ज्ञान्या, माल दुसऱ्या खोलीत भरू. ही खोली तू स्पर्धा... आपलं ते हे होईस्तोवर, मन हलकं होईस्तोवर वापर." नाही नाही, स्पर्धा तो नाही म्हणाला, ते मला ऐकू आलं. मला त्या दिवसांत सगळ्याच्या तोंडून स्पर्धाच ऐकू यायची.

इथवरही ठीक होतं. पण एक दिवस वरच्या आळीतली एक सासुरवाशीण हळूच ताईला विचारते, "वंदे, ती खोली सकाळची मोकळी असती का? आमच्या घरात रडायलाबी जागा न्हाई बाई. मोरीत गेलं तर सासू बाहेरून म्हणती, किती पाणी वाया घालतीस." ताईनं तिला सकाळची वेळ दिली. मग तिची जाऊ आली. मग ग्रामपंचायतीला पडलेला एक उमेदवार मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, तसं काही न्हाई, पण रविवारी खोली रिकामी हाय का?"

आता मला सांगा, मी काय करायला पाहिजे होतं? खरं सांगायला पाहिजे होतं? आणि लातूर तोंडावर आलेलं असताना?

मी नाही सांगितलं. उलट अजून जोरात वाजवायला लागलो.

लातूरला निघायच्या आदल्या दुपारी आम्ही गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत घ्यायचं ठरवलं. ताईनं स्पीकरचा आवाज पूर्ण सोडला. मी डोळे मिटले. क्रेट, ड्रम, परात, क्रेट, ड्रम, परात! अंगातून वाफा निघत होत्या. आणि दादाची ती ओळ आली, "पान फाटलं तर फाटू दे", तशी एकदम वरची पट्टी लागली. असा सूर, असा सूर! काळीज चिरत गेला. मला वाटलं ताईच गायला लागली. मी डोळे मिटूनच ओरडलो, "व्वा ताई! अजून वर! सोडू नकोस!"

सूर अजून वर गेला.

मी डोळे उघडले. ताईचं तोंड बंद होतं. नुसतं बंद नाही, पांढरं पडलं होतं. दार सताड उघडं. दारात आत्या, तोंडावर पदर घेऊन, "माझ्या राजाऽऽ" असा हेल काढून रडत होती. तिच्या मागं ती चहावाली काकू, तिच्या मागं अख्ख्या भावकीच्या बायका. लेकरं एकटीच रडतात हे बरं नव्हं, म्हणून आत्या सगळ्यांना घेऊन आमच्यासोबत रडायला आली होती! खोली मुकी, त्यामुळं बाहेर कुणालाच काही ऐकू गेलं नव्हतं. तिनं पदरात तोंड घातलं, हेल काढला, दार ओढलं आणि आत शिरली.

आता तिनं पदर बाजूला केला.

माझी एक काठी अजून वरच होती. ती खाली येऊन परातीवर पडली. झण्ण! काय वेळ साधली तिनं!

 आणि बायकांच्या घोळक्यातून माय पुढं आली. तिनं दोरीला लटकलेली परात बघितली. "माझी परात इथं हाय होय! अन् मी ताटात कणीक मळून राहिले!"

तोवर काका धावत आला. त्याला कुणी बोलावलं होतं देव जाणे. "वर्ष झालं न्हाई अन् हिथं तमाशा लावलाय? भाऊ मेला तुमचा! रडतो म्हणून अख्ख्या गावाला फसवलं? लाज वाटती का?"

"न्हाई वाटत!" मी म्हणालो. आधी तोंड, मग डोकं! "लाज कशाची? त्याचंच गाणं हाय. त्यानंच नाव दिलंय. तुम्ही त्याची गिटार माळ्यावर टाकलीत, उंदरं खायला. आम्ही ती वाजवली. कुणी दुखवटा पाळला, तुम्ही का आम्ही? लातूरला जाणार. वर्ष होऊ दे न्हाईतर न होऊ दे. घरात घेऊ नका, मी हिथं खोलीत झोपंन, पण जाणार!"

काकाचा हात वर गेला.

"थांब रे," आत्या म्हणाली. काका आत्याहून लहान. आमच्याकडं थोरली बहीण थांब म्हणाली की हात हवेतच थांबतो. आत्या माझ्याकडं वळली. आता माझी पाळी!

"मला खोटं बोललास?"

"हाव."

"रडत नव्हतास?"

"न्हाई. मला येत न्हाई रडायला. राग येतो."

"अन् हे गाणं त्याचं?"

"हाव."

"मग मधीच का थांबलास?"

"तुम्ही दार उघडलं म्हणून."

 आत्या मागं वळून बायकांना म्हणाली, "शिरा गं सगळ्या आत. दार लावा."

बायका आत शिरल्या, खाली बसल्या, गारठ्यानं पदर घट्ट ओढून घेतले. आम्ही पहिल्यापासून वाजवलं. काका बाहेर राहिला होता, पण दार पूर्ण लागलं नाही. लागलं नाही म्हणजे, त्यानंच फटीत पाय घातला होता.

गाणं संपल्यावर आत्यानं कमरेची पिशवी उघडली, त्यातून गुळाचा खडा काढला आणि एक तुकडा माझ्या तोंडात, एक ताईच्या तोंडात कोंबला. आमच्याकडं सोयऱ्या-धायऱ्यांनी तोंड गोड केलं की दुखवटा निघतो. पण त्याला वेळ असते, रीत असते, कपडे असतात, जेवण असतं. हे असं केळीच्या खोलीत, उभ्या उभ्या, कुणी बघितलं नव्हतं.

काका म्हणाला, "आक्के, असं कुठं असतं का?"

"आजपासून असतं," आत्या म्हणाली आणि उरलेला खडा त्याच्या तोंडात घातला.

दुसऱ्या दिवशी केळीच्या पिकअपमधून आम्ही लातूरला गेलो. मागं क्रेट, ड्रम, परात, ताई आणि मी. आत्या, माय आणि आप्पाही मागंच. पुढं ड्रायव्हरशेजारी काका, 'मी फक्त राखणीला आलोय' असं प्रत्येक गावाला सांगत!

हॉलमध्ये शिरलो. बाकीची पोरं काळ्या जाकिटात, केसांना चकाकी, गिटारी अशा की त्यात तोंड दिसावं. मंचावर खराखुरा ड्रमसेट मांडलेला. साऊंडवाला पोरगा माझ्याकडं बघून म्हणाला, "क्रेट खाली ठेव भाऊ, माल मागच्या दारानं घेतात."

"हा माल न्हाई. ही वाद्यं हायत."

तो हसला. हसू दे! मी क्रेट त्या ड्रमसेटच्या समोरच मांडले, अगदी त्याच्या नाकावर टिच्चून. परात टांगली. तिघांची नावं दिलेली, म्हणून त्यानं तीन माईक लावले. ताईपुढं एक, मधे एक, माझ्यापुढं एक.

"मधला कुठंय?" त्यानं विचारलं. "माईक काढू का?"

"राहू दे," ताई म्हणाली.

आणि सुरू झालं. काय वाजवलं म्हणता! पहिलं कडवं असं गेलं की ती जाकीटवाली पोरंही मान हलवायला लागली. पाचव्या रांगेत आत्या पदर खोचून उभी. काका टाळ्या वाजवत नव्हता, पण त्याचा पाय हलत होता, मी बघितला!

मग दादाची ओळ आली. रोज सोडायचो तशी जागा सोडली. माझी नजर त्या मधल्या माईकवर गेली. तो दादाच्या उंचीला लावला होता. कुणी मुद्दाम नव्हता लावला, साऊंडवाल्याला काय माहीत? पण बरोबर तेवढाच. आणि त्याच्यापुढं कुणी नव्हतं.

मला काय झालं ते मला माहीत नाही. आधी घशातून एक आवाज आला, मग दुसरा. मग धरणाचं दार उघडावं तसं! दहाव्याला न आलेलं, तेराव्याला न आलेलं, सगळं एकदम! आणि माईक माझ्या तोंडापुढं. त्या पोरानं आवाज भारदस्त यावा म्हणून त्याला घुमारा लावून ठेवलेला! माझा एक एक हुंदका अख्ख्या हॉलमध्ये, चार कोपऱ्यांतल्या स्पीकरमधून, फिरून फिरून येत होता. हुं... हुं... हुं... हुं...! एक काठी कुठं गेली कळलं नाही. दुसरी धरून मी नुसता बसलो. ताईनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मान वर करून एकटीनं गाणं ओढत शेवटाला नेलं. दादाची ओळसुद्धा तीच गायली. पहिल्यांदाच! "वाऱ्याला म्हण, अजून ये!"

"वाजव रे मेल्या!" पाचव्या रांगेतून आत्या ओरडली.

कसलं वाजवतो?

निकाल लागला. आमचा नंबर नव्हता. परीक्षकांनी मात्र सगळ्यांसमोर सांगितलं, "हुंदक्यांचा प्रयोग फार धाडसी होता. पण त्या नादात ड्रमरनं ताल सोडला."

प्रयोग म्हणे!

बाहेर पिकअपपाशी मी क्रेटवर बसलो होतो. अजून थांबलो नव्हतो. माय माझी पाठ चोळत होती. आप्पा बिस्किटाचा पुडा फोडून ताईला देत होते. आत्या समोर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मला वाटलं आता छातीशी धरणार. मी नाक पुसून तयारीत.

"ज्ञानबा," ती म्हणाली, "तुला रडायला खोली दिली, तिथं वाजवत बसलास. अन् वाजवायला लातूरला आणलं, हिथं रडत बसलास! अरे लेकरा, एक तरी काम जागेवर करशील का न्हाई?"